सावडीतला ट्रॅक्टर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मिरवायला सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? मिरवायलाच सांगतो. पहाटे गावातून निघायचं, पुण्याची गाडी धरायची, संध्याकाळी परत येऊन गोठ्यात शिरायचं, असं करत मी बी.ए. झालो आणि लोणावळ्यात एका कचेरीत चिकटलो. तेव्हापासून गावात मला कुणी नावाने हाक मारेना. सगळे 'सायेब' म्हणायचे. त्यात थोडं कौतुक असायचं आणि बरीचशी चेष्टा. मला दोन्ही चालायचं.

साठच्या दशकाचा मध्य असेल. त्या साली होळी झाली आणि आमच्या जोडीतला एक बैल गेला. सकाळी पोट फुगलं, संध्याकाळपर्यंत आटोपला. उरलेला बैल एकटाच दावणीला उभा राहून शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत बसायचा. आबा, म्हणजे माझे वडील, त्याला जोडीदार शोधत बाजार फिरू लागले. मनासारखा बैल मिळेना. आणि घाई तर होती, कारण आषाढात आवणीला औत लागणार होतं.

इथे आमची सावड काय ते सांगायला हवं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, मावळात एकट्या घराला उरकत नाही. पाऊस चालू असतो, चिखल तयार ठेवावा लागतो, रोपं थांबत नाहीत. म्हणून चार घरांनी मिळून सावड धरायची. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे आमच्या. प्रत्येक घराने एक औत आणायचं, म्हणजे बैलजोडी आणि नांगर, आणि घरात असतील तेवढे हात. आमच्या सावडीत वाडीतले सगळ्यांत थोरले, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते एक घर. ओढ्याकाठी राहणारे दोघे सख्खे भाऊ, ते दुसरं. एक विधवा मावशी, ते तिसरं. तिच्याकडे बैल नव्हते, पण औताच्या बदल्यात ती आणि तिच्या तीन सुना अशा चौघी यायच्या आणि त्यांच्या हाताला कुणी गाठू शकत नसे. चौथं घर आमचं. सावडीतून सुटलेल्या घराचं भात खाचरात न जाता राबातच, म्हणजे रोपांच्या वाफ्यातच, पिवळं पडायचं. ते आम्ही दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं होतं.

तर त्या दिवसांत कचेरीच्या कामाने मी तुंगार्लीला एका बंगल्यावर गेलो. मालक मुंबईचे. थोरले मालक वारलेले, मुलांना बागेत रस नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रॅक्टर उभा होता. विलायती, लढाईच्या आधीचा. पुढे दोन लहान चाकं आणि मागे माझ्या छातीपर्यंत येणारी दोन लोखंडी चाकं, त्यांना चहूबाजूंनी कुदळीच्या पात्यासारखे दात. रबर औषधाला नाही. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मी माळ्याला विचारलं, "मामा, चालतो का हो हा?"

"चालतो का म्हंजे? परवाच चालवलाय की."

"परवा कधी?"

"मालक होते तवा."

मालक जाऊन दोन पावसाळे झाले होते. पण माळीमामा खोटं बोलत नव्हते. त्यांनी कोंबडी उचलली, टाकीत पेट्रोल ओतलं, पुढचं हँडल घातलं आणि मला दूर उभं केलं. पाच-सहा झटक्यांत इंजिन खोकलं, काळा धूर आला आणि सगळी शेड थरथरायला लागली. तापल्यावर त्यांनी तो पेट्रोलवरून रॉकेलवर टाकला. मी भारावून बघत राहिलो. त्यानंतरचे रविवार मी तुंगार्लीतच काढले. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वळवायचा नाही, नाहीतर हँडल उलटं आलं की अंगठा जातो, हे मामांनी मला इतक्यांदा सांगितलं की परीक्षेत आलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण घेतले असते.

आबांना घेऊन गेलो. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, बैल बघतात तशी.

"किती बैलांचं काम करतोय?"

"चार जोड्यांचं तरी."

"आनि खातोय काय?"

"रॉकेल."

"काम नसंल तवा?"

"काहीच नाही."

आबांनी चाकावर थाप मारली. "मंग बैलापरीस गुणाचा हाय."

मालकांच्या मुलांना शेड मोकळी हवी होती, त्यामुळे सौद्यात ताणाताण झाली नाही. दोन फाळांचा नांगर त्यांनी वर दिला. आबांनी उरलेला बैल चांगल्या घरी विकला, माझ्या पगारातलं साठलेलं त्यात घातलं, भागलं. बैल विकायला मी सांगितलं नव्हतं. पण आबांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझा बी.ए. म्हंतोय तर घेतला. त्यो वाचून बोलतोय." आता मागे फिरायची सोय राहिली नाही, ना त्यांना ना मला.

लोखंडी दात घेऊन डांबरी रस्त्यावर जाता येत नाही, रस्ता उखडतो. म्हणून मामांनी आणि मी सगळे दात नटबोल्ट सोडून काढले आणि पोत्यांत भरून नांगराला बांधले. गुळगुळीत लोखंडी चाकांवर मी तो वलवणच्या बाजूने कडेकडेच्या मातीतून खाली आणला. आबा पुढे काठी घेऊन चालत होते, गुरं-माणसं बाजूला सारत, पाहुण्याला गावात आणावं तसे. रस्त्याचं काम करणारे मजूर टोपल्या ठेवून उभे राहिले. त्यांचा मुकादम ओरडला, "ए, रस्त्यावं आनू नगं त्याला! रस्ता सरकारचा हाय!" आबा वळून म्हणाले, "आनि हा आमचा हाय!" आमच्या घरी पहिल्यांदाच कुणीतरी सरकारला असं उत्तर दिलं असावं.

वाडीत शिरलो तेव्हा मावशी दारातच उभी होती. तिने चाकं निरखली.

"आगं बया! ह्याचं दात कुटं गेलं?"

"पोत्यात आहेत, मावशी."

"म्हंजी माज्यावानी. पन माजं पोतं हारावलंया."

सगळी वाडी हसली. मीही हसलो. आणि त्या हसण्यातच भाऊंनी हळूच विचारलं, "आबा, आषाढात हे खाचरात उतरंल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं, "नाही, भाऊ. वजन फार आहे. चिखलात पोटापर्यंत रुतेल."

"मंग तुमचं औत कुटं?"

हसणं थांबलं. तोपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. मी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं. म्हणालो, "भाऊ, आमचं औत वैशाखात. खाचरं वाळून दगड झाली की बैलाचा नांगर शिरत नाही. हा शिरेल. मी सावडीतली खाचरं आत्ताच नांगरून देतो. ढेकळं उन्हात तापतील. आषाढात तुमच्या बैलांना निम्म्या फेऱ्यांत चिखल होईल. ते आमचं औत धरा."

भाऊंनी मान हलवली. "सावड आषाढातली आस्ती, सायेब. आज हात दिला, उद्या हात घेतला. वैशाखातला हात आषाढात कोन मोजनार?" मग दुसरी गोष्ट काढली. "आनि हे खोल जानार. खाचराचा तळ फुटला तर पानी ऱ्हानार न्हाई. तळ आमच्या आज्यापंज्यांनी तुडवून बशिवलाय."

हे बोलणं वावगं नव्हतं. भाताच्या खाचराखाली घट्ट थर असतो, त्याच्यावर पाणी उभं राहतं. तो फुटला तर खाचर चाळणी होतं. मी नांगराची खोली वर घेऊन दाखवली, दोन भोकं वर. भाऊंनी फाळाखाली वीत लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाले, "बघू."

पण अजून एक अडचण होती. बैल बांध ओलांडून खाचरात जातात. ट्रॅक्टर कसा जाणार? एका जागी बांध फोडावा लागणार. मावळातल्या माणसाला बांध फोडायला सांगणं म्हणजे त्याच्या घराची भिंत पाड म्हणण्यासारखं.

शेवटी मावशीच म्हणाली, "माजं फोडा. माज्याकडं बैल न्हाईत, मला काय? नांगरनी व्हतीय तर व्हऊ द्या. पन सायेब, बांध घालून देशील ना परत?"

"देतो."

"कागदावं न्हवं. मातीत."

"मातीत, मावशी."

ओढ्याकाठच्या भावांतला धाकटा लगेच म्हणाला, "आमचं बी नांगर. पानी न्हाई ऱ्हायलं तर वरीसभर तुज्या घरी जेवाया येतो, काय?" आबा म्हणाले, "मंग पानी ऱ्हायलंच पायजे." भाऊंनी स्वतःचं एकच खाचर दिलं, वरच्या कडेचं, दगडाळ. आणि ठरवलं असं, की आषाढात त्या खाचरांत पाणी उभं राहिलं तर ते आबांचं औत धरायचं. न राहिलं तर पुढचं पुढे.

दात परत बसवले आणि वैशाखभर मी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नांगरत राहिलो. त्या यंत्राने मला निराश केलं नाही, हे लिहायलाच हवं. लोक म्हणायचे म्हातारा आहे, पण त्याच्या अंगात जोर होता. दात जमिनीत रुतत, सबंध यंत्र पुढे हिसके देत चाले आणि मागे दगडासारखी जमीन परातीएवढ्या ढेकळांनी उलटी होई. अडायचा तो फक्त मॅग्नेटोपायी. ती बिघडली की ठिणगी पडायची नाही आणि हँडल मारून मारून खांदा उतरायचा. एकदा तर मी मॅग्नेटो काढून फडक्यात गुंडाळून घोरावाडीजवळच्या एका मिस्त्रीकडे गाडीने नेली. डब्यात शेजारच्या बाईने विचारलं, लाडू आहेत का. मी म्हटलं, असते तर तुम्हाला दिले असते.

प्रत्येक खाचर झालं की आबा आणि मी बांध परत घालायचो. हे काम नांगरणीपेक्षा जड. माती थराथराने टाकायची, पायाने तुडवायची, पाणी मारायचं, चोपण्याने ठोकायचं. आबा मला दर वेळी थर चुकीचा टाकतोस म्हणून ओरडायचे आणि मी दर वेळी बरोबर टाकत होतो. मावशीच्या बांधावर मात्र आम्ही दोघांनी इतका वेळ नाचून घेतलं की ती म्हणाली, "आरं पुरं, बांध हाय का लग्नाचा मांडव?"

पाऊस लागला. आता सगळं पाण्यावर होतं. मी सकाळी कचेरीला निघताना आधी खाचरांकडे वळसा घालायचो. पहिले दिवस ढेकळं पाणी पीत राहिली आणि वर काहीच दिसेना. मला कचेरीत फायली दिसायच्या बंद झाल्या. मग ढेकळं विरघळली, आणि एका सकाळी मावशीच्या खाचरात बांधापासून बांधापर्यंत पाणी उभं होतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा पाहिलं. तेवढंच. ओढ्याकाठी तेच. भाऊंच्या दगडाळ खाचरातही तेच. मी त्या दिवशी गाडी चुकवली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आवणी सुरू झाली. मी रजा काढली होती. ट्रॅक्टर घरी उभा असला तरी माणसाने चिखलात यायला हवं, हे भाऊंनी आधीच बजावलं होतं. "त्यो रोपं लावतोय का? न्हाई ना? मंग तू ये." पहिला दिवस भाऊंकडे, नंतर ओढ्याकाठी, नंतर मावशीकडे. नांगरलेल्या खाचरांत बैल खरोखरच थोड्या फेऱ्यांत बाहेर पडत होते, चिखल लोण्यासारखा होत होता. हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं. माझी कंबर मोडली होती आणि मावशीच्या सुना मला मागे टाकून पुढे निघून जात आणि वळून म्हणत, "सायेब, गाडी सुटली!"

मावशीची आवणी झाली. राहिलं आमचंच घर. संध्याकाळी सगळे हातपाय धुऊन घरी गेले. आमच्याकडे उद्या येतो असं कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आबा ओटीवर बसून राहिले. आमची रोपं राबात वाढत चालली होती. जास्त वाढलेलं रोप लावलं की फुटवा धरत नाही. मी म्हटलं, "आबा, मी जाऊन भाऊंना विचारू का?" ते कधी नव्हे ते कडाडले, "कुटं जायाचं न्हाई. औत न्हाई आपल्याकडं. कुन्या तोंडानं सांगायचं?" मग हळू आवाजात म्हणाले, "पानी ऱ्हायलं, पन त्यांच्या मनात न्हाई बसलं." मला वाटलं, मीच त्यांना सावडीतून उठवलं. बी.ए. होऊन मी बापाचं हे केलं.

आता यातली गोम सांगतो, कारण असा घोळ आमच्याकडच्याच माणसांचा होऊ शकतो. सावडीत कुणी कुणाच्या घरी आपण होऊन जात नाही. ज्याचं रान तयार असेल, त्यानेच आदल्या संध्याकाळी म्हणायचं, "उद्या आमच्याकडं." तो म्हणाला की आपोआप सगळे येतात. न म्हणाला तर कुणी येत नाही. न सांगता गेलं तर त्याच्या रानात नाक खुपसल्यासारखं होतं. आणि आबा, ज्यांनी सगळ्या आयुष्यात ते शब्द दरसाल सहज म्हटले होते, ते या साली म्हणायला धजेनात. औत नसताना म्हणायचं म्हणजे मागणं झालं, असं त्यांना वाटलं. ते वाट बघत होते की लोक म्हणतील. आणि लोक वाट बघत होते की आबा म्हणतील.

चौथ्या सकाळी मावशी पावसातून इरलं घेऊन थेट ओटीवर चढली.

"आबा, रोपं काय गुडघ्याला लागल्यावर लावायची का?"

आबांनी तिच्याकडे पाट सरकवला. ती बसली नाही.

"आमी तिकडं बसून ऱ्हायलोय. भाऊ म्हंत्यात, आबाचा ट्रॅक्टर हाय, कायतरी नवीन करत आसंल. सायबानं पुस्तकात वाचलं आसंल. आपुन कशाला मधी? दोघं भाऊ म्हंत्यात, आबाला आता आमची गरज न्हाई. मी म्हनलं, गरज हाय का न्हाई ते इचारते. हाय का न्हाई?"

आबा उठून उभे राहिले.

"औत धरलं का माजं?" त्यांनी विचारलं.

"आगं बाई! वैशाखातच धरलं की! माज्या खाचरात पानी उभं हाय, ते दिसत न्हाई व्हय तुमाला? का ट्रॅक्टरसंगं डोळंबी विकत आनलं?"

आबा खाली बसले. पुन्हा उठले. आईने चुलीवर पातेलं चढवल्याचा आवाज झाला. ती ऐकतच होती.

"मंग सांग सगळ्यांस्नी," आबा म्हणाले. "उद्या आमच्याकडं."

"उद्या कशाला? रोपं वर आल्यात. आत्ताच बोलावते." आणि ती पावसात निघूनही गेली.

उन्हं असती तर न्याहारीची वेळ म्हटलं असतं. भाऊ आपली जोडी घेऊन आले, ओढ्याकाठचे दोघे आपली जोडी घेऊन आले, मावशी आणि सुना राबात उतरल्या आणि रोपं उपटून मुठी बांधू लागल्या. भाऊंनी आमच्या खाचरात पहिली फेरी घातली, चिखलात पाय रोवून उभे राहिले आणि मला हाक मारली, "सायेब! बैल पळाया लागलंत माजं! पुढल्या साली माझी सगळीच नांगर."

"आणि बांध?"

"बांध मी घालीन. तुजा थर वाकडा पडतो."

आबा पलीकडून मोठ्यांदा हसले. कित्येक दिवसांनी. मी मनात म्हटलं, थर वाकडा तर वाकडा.

आमची सगळी खाचरं दिवस मावळायच्या आत लागली. शेवटच्या मुठीतली रोपं आबांनी मला लावू दिली नाहीत; स्वतः लावली, कोपऱ्यात, वाकून, सावकाश, जसं काही अजून खूप वेळ होता. मग ते बांधावर बसले आणि हिरव्या ओळींकडे बघत राहिले. पाऊस पडत होता, ते भिजत होते, उठायचं नाव नाही. मावशी जाता जाता म्हणाली, "आबा, घरी जा, आता लावाया काय बी ऱ्हायलं न्हाई." ते म्हणाले, "व्हय. म्हनूनच बसलोय."

त्या दिवशी आईने सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. ताटं कमी पडली म्हणून पळसाच्या पत्रावळी काढल्या. आबा जेवता जेवता भिंतीला टेकले आणि घास हातात असतानाच झोपी गेले. भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला." आईने त्यांच्या हातातला घास अलगद काढून घेतला, आणि आम्ही आवाज न करता जेवत राहिलो.